लष्करी म्यानातली ‘सुकेसादा’ घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत एका दिवंगत सैनिकाच्या घरातलं सामान विकायला काढलंय आणि त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी अधिकाऱ्याची तलवार आहे. मूठ काढल्यावर आत सही दिसली. विकणाऱ्यानं ती कुणाकडून तरी ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ (बिशू म्हणजे बिझेन प्रांतातल्या ओसाफुने गावचा लोहार सुकेसादा) अशी वाचून घेतली आणि ‘पाचशे वर्षांपूर्वीची सामुराई तलवार’ म्हणत १,८०० डॉलर सांगितले. खरी आहे का, घ्यावी का, गंज कसा काढू आणि पुढे पुण्याला नेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. सोबत सात फोटो पाठवलेत.

गंजाचं आधी सांगतो, कारण तिथे हात घाईला आला तर बाकीच्या उत्तराला अर्थ उरत नाही. गंज काढू नका. मुठीच्या आत जाणाऱ्या भागाला जपानीत नाकागो म्हणतात. त्यावरचा गंज हा तलवारीच्या वयाचा पुरावा असतो. तो लोहारानं जसा सोडला तसा ठेवतात. शतकानुशतकं कुणी घासत नाही. वायर-ब्रश मारून ‘चकाचक’ केलेला नाकागो मी पाहिलाय. ते पातं अस्सल होतं, पण किंमत निम्म्याहून खाली आली आणि ती परत येण्याचा कुठलाही मार्ग नाही. पात्यावरही ब्रासो, पॉलिश पेपर, लिंबू, चिंच यांतलं काही नको. आपल्याकडे खंडेनवमीला घरातली तलवार राखेनं घासून हळदकुंकू लावायची पद्धत आहे. जपानी पात्यावर तोच प्रयोग केलात तर कुंकवाच्या ओल्या ठिपक्याखाली आठवड्याभरात डाग उमटेल. आणखी एक, खास आपल्याकडच्या संग्राहकांसाठी: जौहरदार पोलादाची नक्षी आम्लानं उठवायची सवय असेल तर ती इथे विसरा. जपानी पात्याची नक्षी दगडांवर घासून वर आणतात, आम्लानं ती मरते. तुम्ही फक्त मऊ सुती कपड्यानं साध्या मिनरल ऑइलचा पातळ हात फिरवा आणि उघड्या बोटांनी पोलादाला शिवू नका.

आता मुख्य गोष्ट. विकणाऱ्यानं सही दाखवली आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात केलीत. ती सगळ्यात शेवटी वाचायची असते. जपानात तलवारी ओळखण्याच्या बैठका भरतात तेव्हा नाकागो झाकलेला असतो. नुसतं पातं हातात घ्यायचं, आकारावरून काळ, पोलादाच्या पोतावरून प्रांत आणि धारेच्या रेघेवरून लोहार ठरवायचा आणि नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं. सहीचा आधार मुद्दामच काढून घेतलेला असतो. कारण छिन्नी आणि हातोडी असलेला कुणीही ती एका दुपारी कोरू शकतो आणि जपानात हा उद्योग शेकडो वर्षं चालू आहे. सतराव्या शतकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोक्योत, कोतेत्सु नावाचा लोहार होऊन गेला. मूळचा चिलखतं बनवणारा, नंतर तलवारींकडे वळलेला. त्याच्या नावाच्या इतक्या खोट्या तलवारी आहेत की कोतेत्सु दिसली की आधी ती खोटी समजावी, असं जाणकार निम्म्या थट्टेनं आणि निम्म्या गांभीर्यानं म्हणतात. खोटी सही म्हणजे खोटी तलवार, असंही नाही बरं का. पातं चारशे वर्षांचं आणि सही शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी भाव वाढवायला ठोकलेली, ही अगदी नेहमीची जोडी आहे.

पहिली चाळणी म्हणजे हे पातं हातानं घडवलेलं जुनं आहे की नाही. बाजारात हल्ली चिनी बनावट मालाचा पूर आहे. त्यांच्या मुठीवरची फीत बघा. अस्सल मुठीवर फितीच्या तिढ्यांची वरखाली फिरत जाणारी आलटापालट असते, एका तिढ्यात डावी बाजू वर तर पुढच्यात उजवी. बनावट मुठीवर सगळे तिढे एकाच बाजूनं गेलेले असतात. नाकागोवरचा गंज केशरी, खरबरीत आणि ताजा असतो. पात्यावर भोवऱ्यांची भडक नक्षी असते, जणू लांबूनच दिसावी म्हणून काढलेली. तुमच्या फोटोंत यातलं काही नाही.

दुसरा ढीग युद्धकाळातल्या कारखानी मालाचा. १९३५ साली आलेली हवालदार-दर्जाची तलवार तर सरळ यंत्रावर बनायची. धातूची ओतीव मूठ, मूठ अडकवायला बांबूच्या खुंटीऐवजी स्क्रू आणि पात्यावर हाबाकीजवळ (मुठीलगत पात्याच्या बुडाला बसवलेलं धातूचं वेष्टण) आकड्यांत क्रमांक. म्यानावरही तोच क्रमांक असावा लागतो. तुमची ती नाही. तुमच्या तलवारीची मूठ कापडी फितीची आणि खुंटी बांबूची आहे, म्हणजे १९३४ किंवा १९३८ च्या नमुन्याचा अधिकाऱ्याचा साज. अधिकारी आपली तलवार स्वतः विकत घ्यायचे, त्यामुळे या साजात काहीही निघू शकतं. बहुतेक वेळा सेकी गावात झपाट्यानं बनवलेलं, तेलात विझवलेलं पातं निघतं, क्वचित घरातलं पिढीजात पातं लष्करी म्यानात बसवलेलं. युद्धकाळातल्या पात्यांच्या नाकागोवर छोटा शिक्का असतो, बहुधा ‘सेकी’ किंवा ‘शोवा’चं अक्षर. शिक्का ताऱ्याचा असेल तर गोष्ट वेगळी. ती लष्करानं नेमलेल्या लोहारांची, पारंपरिक पद्धतीनं घडवलेली पाती असतात आणि त्यांना आज चांगला भाव आहे. हे शिक्के बहुतेकदा हाबाकीच्या लगेच खाली किंवा नाकागोच्या पाठीच्या कडेवर असतात. तुमच्या फोटोंत नेमका हाच भाग कापला गेलाय. विकणाऱ्यानं मुद्दाम कापला, असं मी म्हणत नाही, पण तो फोटो मागा.

आता तुमचा तिसरा फोटो. सगळ्यांत जास्त माहिती त्यातच आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. नाकागोचा रंग गडद, तपकिरी काळ्याकडे झुकलेला आहे आणि तो सगळीकडे सारखा मुरलेला आहे. वरवर लावलेला गंज सपाट भागावर जाड आणि कडांना पातळ असतो. इथे तसं दिसत नाही. कानशीचे तिरपे ओरखडे पुसट झालेत पण एका दिशेनं जातायत, ओसाफुनेच्या पात्यांवर असेच किंचित उतरते ओरखडे अपेक्षित असतात. खुंटीची छिद्रं दोन आहेत. खालचं अगदी गोल, बरमानं पाडलेलं, बहुधा लष्करी मूठ बसवतानाचं. वरच्याची कड थोडी वेडीवाकडी, ठोकून पाडलेल्या छिद्रासारखी. जुन्या पात्याला हे शोभतं. सही टोक वर आणि धार डावीकडे धरल्यावर दिसणाऱ्या बाजूला आहे, म्हणजे धार वर ठेवून कमरेला खोचायच्या कतानाची. त्या काळाशी तेही जुळतं. एकच गोष्ट मला खटकते. अक्षरांच्या खाचांच्या तळाशी गंज आजूबाजूपेक्षा जरा उजळ वाटतो. कदाचित प्रकाशाचा खेळ असेल. पण सही पात्याइतकीच जुनी असेल तर खाचेतला गंज आणि बाहेरचा गंज एकाच वयाचा दिसायला हवा.

समजा सही खरी आहे. तरी ‘सुकेसादा’ या नावानं हुरळू नका. ओसाफुने हे आजच्या ओकायामा प्रांतातलं गाव. पंधराव्या-सोळाव्या शतकात, सततच्या लढायांच्या काळात, तिथून तलवारींचा अक्षरशः लोंढा निघत होता आणि सुकेसादा या नावानं सही करणारे लोहार डझनांनी होते. १५९० च्या सुमारास योशीई नदीच्या पुरानं त्या वस्तीची वाताहत होईपर्यंत हे चाललं. भरीव मोबदला देऊन खास बनवून घेतलेल्या पात्यावर सही लांबलचक असते, प्रांताचं पूर्ण नाव आणि लोहाराचं वैयक्तिक नावही, जसं ‘बिझेन नो कुनी जू ओसाफुने योसोझाएमोन नो जो सुकेसादा’. नुसतं ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ हे बहुधा शिपायांसाठी घाऊक बनवलेल्या मालावर येतं. त्यातही सुरेख पाती आहेत. मला स्वतःला असली कामाची, मिजास नसलेली तलवार आवडते. पण विकणाऱ्याच्या तोंडच्या ‘सामुराई’चा भाव त्या नावाला मिळत नाही. हे आडाखे बसतात का ते आकारावरून कळेल. त्या काळचा कताना साधारण पासष्ट सेंटिमीटरच्या आसपासचा, एका हातानं चालवायचा म्हणून नाकागो आखूड, आणि वाक टोकाकडे सरकलेला. लांबी मोजताना हाबाकीखालच्या पाठीकडच्या खाचेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजायची, नाकागो धरायचा नाही. साठ सेंटिमीटर सहा मिलिमीटरच्या वर गेली तर कताना, खाली वाकिझाशी.

आता पातं बघायला प्रत्यक्ष जाल तेव्हाचं. ट्यूबलाइटखाली काहीच दिसत नाही. एकच उघडा बल्ब हवा, खोली शक्यतो अंधारी. मूठ काढायची असेल तर आधी खुंटी बाहेर ढकलायची, मग डाव्या हातानं मुठीचं टोक धरून, पात्याचं टोक वर आणि पातं तिरपं ठेवून, उजव्या मुठीनं स्वतःच्या डाव्या मनगटावर हलकेच ठोकायचं. पातं आपोआप सैल होतं. हातोडी किंवा पक्कड नको. मग पात्याचं टोक बल्बच्या थोडं खाली रोखायचं आणि डोळा नाकागोजवळ आणून पात्यावरून लांब बघायचं. धारेला पाणी देताना पाठीवर मातीचा जाड लेप आणि धारेवर पातळ लेप देतात. पाण्यात बुडवलं की धार झटक्यात थंड होऊन कडक होते, पाठ चिवट राहते. या दोन्हींच्या सीमेवर जी रेघ उमटते ती हामोन. बल्बच्या उजेडात त्या रेघेवर धुक्याचा पट्टा किंवा बारीक चमचमणारे कण दिसायला हवेत. धुकं म्हणजे निओई, सुटे कण म्हणजे निए. तेलात विझवलेल्या पात्याची रेघ मंद, एकसुरी आणि निर्जीव दिसते. आम्लानं काढलेल्या खोट्या रेघेला तर खोलीच नसते. पातं तिरपं केलं की ती पृष्ठभागावर तशीच चिकटलेली राहते. एक फसगत मात्र टाळा. आजचे पॉलिश करणारे धारेकडचा पट्टा दगडाच्या पातळ चकतीनं पांढरा करतात. लांबून तोच हामोन वाटतो. खरी रेघ त्या पांढऱ्याच्या आत, वेगळ्या वळणानं जात असते आणि फक्त तिरप्या उजेडातच सापडते. सोळाव्या शतकातल्या ओसाफुनेच्या पात्यावर अनेकदा दुहेरी-तिहेरी शिखरांच्या लाटा दिसतात, सरळ रेघही चालते.

रेघेच्या वर, मधल्या कडेपर्यंतच्या भागात पोलादाचा पोत बघा. लोहार पोलादाची घडी घालून पुन्हा पुन्हा ठोकतो, त्यामुळे सागाच्या रंधलेल्या फळीवर दिसतात तशा रेषा उमटतात. गंजलेल्या पात्यावर त्या दिसणार नाहीत, पण एखादा स्वच्छ तुकडा सापडला तर तिथे शोधा. मग टोक. हामोन टोकाच्या आत शिरून पाठीकडे वळलेली असली पाहिजे. टोक स्वच्छ असूनही वळण दिसतच नसेल तर ते बहुधा कधीतरी मोडून नवीन घासून काढलंय, आणि तलवार तिथेच संपली.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. तुमच्या पाचव्या फोटोत, टोकापासून अंदाजे चार इंच खाली, धारेवर आडवी, केसाएवढी काळी रेघ आहे. ती गंजाचा ओरखडा असू शकते, धूळ असू शकते. पण ती हागिरे असेल, म्हणजे धारेला काटकोनात गेलेली भेग, तर हा व्यवहार इथेच सोडा. पात्यावरचे बाकीचे दोष माफ होतात. घडीचा टाका उघडलेला, फुगवटा आलेला, ठिगळ मारलेलं, फार वेळा पॉलिश होऊन आतलं मऊ पोलाद वर आलेलं, हे सगळं किंमत कमी करून घेता येतं. हागिरे दुरुस्त होत नाही. अशी तलवार पन्नास डॉलरनाही घेऊ नये, सही कुणाचीही असो. भिंग घेऊन जा, नख नको, आणि ती रेघ पात्याच्या दोन्ही बाजूंना दिसते का बघा. दोन्हीकडे एकाच जागी असेल तर भेगच.

भेग नसेल तर १,८०० डॉलर जास्त आहेत का? गंजलेल्या, प्रमाणपत्राचा कागद नसलेल्या, ओळख न पटलेल्या पात्याला माझ्या मते जास्त आहेत. कारण हिशेब तिथे थांबत नाही. प्रशिक्षित जपानी पॉलिशवाला इंचाला शंभर डॉलरच्या वर घेतो. सव्वीस इंचांच्या पात्याला नुसत्या पॉलिशचेच अडीच-तीन हजार झाले, वर नवीन लाकडी म्यान, कदाचित हाबाकी, आणि वर्षभर वाट. एवढं करून सही खोटी निघाली तर प्रमाणपत्र मिळत नाही. गावातल्या चाकू धार लावणाऱ्याकडे तर चुकूनही देऊ नका. तो एका दुपारी मधली कडच गोल करून ठेवतो. पातं पाहून समाधान झालं तर हजाराच्या आसपास बोलून बघा, लष्करी साजासकट. मूठ, म्यान, त्सुबा (मूठ आणि पात्याच्या मधली चकती) आणि कधी म्यानाला अडकवलेली शरणागतीच्या वेळची चिठ्ठी, हे सगळं एकत्र ठेवायचं. चिठ्ठीवर मूळ मालकाचं नाव असतं आणि अशा चिठ्ठ्यांवरून तलवारी त्या घराण्यांकडे परत गेल्याची उदाहरणं आहेत.

आता मोकळेपणानं सांगू? पहिली खरेदी म्हणून मी तुम्हाला ही सुचवणार नाही. पहिली तलवार चांगल्या पॉलिशमधली हवी, कारण शिकायचं तिच्यावरच असतं आणि गंजलेलं पातं काहीच शिकवत नाही. जपानातल्या नावाजलेल्या दुकानांत ‘होझोन’ प्रमाणपत्राची वाकिझाशी दोन-तीन लाख येनपासून मिळते. सगळ्यांना कताना हवा असतो म्हणून वाकिझाशी स्वस्त पडते, काम मात्र त्याच हातांचं असतं. हे प्रमाणपत्र १९४८ साली स्थापन झालेली जपानी कलातलवार-जतन संस्था देते. होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो, तोकुबेत्सु जूयो असे चढते दर्जे आहेत. १९८२ च्या आधीची जुनी प्रमाणपत्रं वेगळ्या नावांची होती. त्यांतली हिरव्या कागदावरची काही संशयास्पद ठरली, म्हणून नुसत्या जुन्या कागदावर पैसे देऊ नका. नव्या कागदावर नाकागोचा फोटो असतो; छिद्रं, ओरखडे आणि अक्षरं तुमच्या हातातल्या नाकागोशी एकेक करून जुळवा. कागद एका तलवारीचा आणि तलवार दुसरी, हेही होतं. आणि जपानी विक्रेता ‘नोंदणीपत्र आहे’ म्हणाला तर त्याला प्रमाणपत्र समजू नका. ते प्रांताच्या शिक्षण मंडळाचं, तलवार बाळगणं कायदेशीर असल्याचं कागदपत्र आहे. सही खरी की खोटी याबद्दल त्यात काहीच नसतं. तलवार देशाबाहेर जाताना ते परत करावं लागतं आणि सांस्कृतिक खात्याची निर्यात परवानगी घ्यावी लागते. हे सगळं दुकानदार करतो, फक्त काही आठवडे धरून चाला.

तोपर्यंत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या शस्त्रांच्या दालनात जाऊन या. काचेसमोर गुडघे वाकवून, दिव्याचं प्रतिबिंब रेघेवर पडेल असे उभे राहा. सुरक्षारक्षक विचित्र नजरेनं बघतील, बघू देत. अमेरिकेत शिकागोसारख्या शहरांत तलवारींचे मेळे भरतात. तिथे विचारलं तर माणसं पातं हातात देतात, आणि एका दिवसात फोटोंवरून वर्षभरात कळत नाही ते कळतं.

घेतलीतच आणि ती पॉलिशसाठी जपानला पाठवायची ठरवली, तर आधी अमेरिकेतल्या जाणकाराला दाखवा. पातं कारखानी निघालं तर जपानात त्याची नोंदणी होत नाही आणि ते परत मिळेल याची खात्री नाही.

पुण्याबद्दल मात्र थेट नको म्हणेन. भारतात तलवार १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते आणि आयातीला परवाना लागतो. ‘शोभेची वस्तू’ म्हणून सामानात घालून आणू, हा विचार विमानतळावरच्या कस्टम्समध्ये संपतो, आणि तिथून ती सोडवायला वकील लागतो. कुणाच्या आजोबांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परतताना आणलेली तलवार घरात असणं वेगळं आणि आज बाहेरून आणणं वेगळं. दुसरी गोष्ट म्हणजे पावसाळा. कोकणात किंवा मुंबईत पातं दर महिन्याला काढून तेल बदलावं लागतं, आणि त्याला चामड्याच्या म्यानात तर मुळीच ठेवू नये.

सध्या विकणाऱ्याकडे चार फोटो मागा: नाकागो आणि हाबाकीसकट पूर्ण नग्न पातं, वरून सरळ काढलेलं, शेजारी मोजपट्टी, हाबाकी काढल्यावरचा नाकागोचा वरचा भाग, नाकागोची पाठीकडची कड, आणि टोकापासून चार इंचांवरची ती काळी रेघ, दोन्ही बाजूंनी, जितक्या जवळून येईल तितकी. तो टाळाटाळ करायला लागला तर तेही उत्तरच आहे. फोटो आले की इथेच टाका, सहीतल्या गंजाचंही मी परत बघतो.